कावळा, खीर आणि तीन प्रती

कावळ्याने मरावं याला माझी कधीच हरकत नव्हती. जन्माला आलेला कावळा केव्हातरी जाणारच. पण त्याने माझ्या आईच्या तिथीला, आमच्याच गच्चीवर, माझ्या बायकोने केलेल्या खिरीत चोच घालून झाल्यावर पाच मिनिटांच्या आत मरावं, आणि तेही समोरच्या गच्चीत मंदाकिनीबाई कपडे वाळत घालत असताना मरावं, हे मला मान्य नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. या विषयावर मी आजवर नऊ अर्ज केले आहेत आणि एकही मागे घेतलेला नाही.

पितृपक्षातली पंचमी होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी सोवळं नेसून पान ठेवलं. भात-वरण, उडदाचे वडे, अळूवडी, लाल भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी आणि पानाच्या मधोमध वाटीभर तांदळाची खीर. पान ठेवून मी पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण आपण बघत असलो की कावळा येत नाही असा आमच्या घराण्याचा अनुभव आहे. टाकीकडे तोंड केलं की तिच्यावरची पाटी वाचण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. 'टाकीचे झाकण उघडे ठेवू नये. ठेवल्यास कारण लेखी कळवावे. चेअरमन.' तीनदा वाचून मागे बघतो तर कावळा आलेला. दर वर्षी तो तासभर ताटकळत ठेवतो. या वर्षी आला, वडे सोडले, अळूवडी सोडली आणि थेट खिरीच्या वाटीशी गेला. मी सभ्यपणे पुन्हा पाटी वाचू लागलो. बऱ्याच वेळाने पंखांचा आवाज आला म्हणून वळलो, तर तो कठड्यावर जाऊन चोच पुसत होता. मग 'क्रा' असं काहीतरी अर्धवट म्हणाला आणि धप्पकन गच्चीत आडवा झाला.

"अहो मोघे!" समोरून मंदाकिनीबाई ओरडल्या. "तुमच्या आईंनी खीर खाल्ली आणि गेल्या हो!"

"आई दोन वर्षांपूर्वीच गेली," मी म्हटलं.

"मग परत गेल्या!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी पेरूगेटापर्यंत पोचली होती. मंदाकिनीबाई स्वतः कुठे जात नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. पण त्यांच्या बातम्यांचे गुडघे उत्तम आहेत.

इथे माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका कावळ्यासाठी हा माणूस एवढा का पेटला. उल्काला पेठेत 'श्राद्धाच्या मोघेवहिनी' म्हणतात. ऐकायला अशुभ वाटेल, पण तो मानाचा किताब आहे. पितृपक्षाच्या पंधरवड्यात तिच्याकडे श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी असतात. सगळं सोवळ्यात, सगळं वेळेवर, आणि अन्न खात्याकडे रीतसर नोंदणी केलेलं. नोंदणीचा क्रमांक डब्यावर चिकटवलेला असतो. अशा बाईच्या खिरीने कावळा मारला, असं पेठ म्हणायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. "वहिनी, आमच्याकडे यंदा थोडक्यात करायचं ठरलंय." "वहिनी, मुलगा म्हणतो दान देऊन टाकू." चौदा ऑर्डरींपैकी तीन उरल्या, आणि त्या तिघांना बहुधा बातमी पोचली नव्हती.

पण उल्काला खरं लागलं होतं ते वेगळंच. माझी आई, दुर्गाबाई, जेवायला बसायची ती परीक्षक म्हणून. सुनेची खीर तिने एकतीस वर्षं खाल्ली आणि एकतीस वर्षं दोनच शब्दांत निकाल दिला. "बरी आहे." उल्काने तांदूळ बदलले, आंबेमोहोर घेतला, इंद्रायणी घेतला, दूध निम्म्यावर आटवून पाहिलं, केशर घातलं, केशर काढलं. "बरी आहे." शेवटच्या आजारपणात चमच्याने भरवली तेव्हाही आईने डोळे मिटून गिळली आणि म्हणाली, "बरी आहे." त्या दिवशी कावळा सगळं सोडून खिरीकडे गेला, हे मी खाली येऊन उल्काला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उजळला होता. पाठोपाठ मी पुढचंही सांगितलं. मी निवृत्त माणूस आहे, अर्धवट माहिती देण्याची मला सवय नाही.

त्याच रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "शेवटपर्यंत नाहीच आवडली म्हणायची त्यांना."

मला संताप आला. कावळ्याचा आला, मंदाकिनीबाईंचा आला, थोडा आईचाही आला. मी तेहतीस वर्षं टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात होतो. कोणतीही गोष्ट का बंद पडली हे शोधल्याशिवाय 'बंद पडली' एवढं लिहून फाईल मिटवायची नाही, हे माझं तत्त्व होतं. बाकीच्यांचं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. मी जाहीर केलं की या कावळ्याची सरकारी तपासणी होईल आणि खीर निर्दोष सुटेल.

"कावळा कुठे ठेवणार तोवर?" उल्काने विचारलं. "फ्रिजला हात लावलात तर बघा."

मी हातमोजे चढवले, कावळा दोन पिशव्यांत बांधला आणि थर्माकोलच्या खोक्यात ठेवला. बर्फ कोपऱ्यावरच्या मस्तानीवाल्याकडून आणला. "पाहुणे आलेत वाटतं काका?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो. आता जायचं नाव घेत नाहीत."

पहिल्यांदा मी अन्नाची तपासणी करणाऱ्या कचेरीत गेलो, खिरीची उरलेली दीड वाटी घेऊन. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. नमुन्याचे चार भाग करून चार बाटल्यांत सील करावे लागतात आणि दीड वाटीत ते बसत नाही, असं ते म्हणाले. शिवाय तक्रार ग्राहकाने करायची असते.

"ग्राहक मेलाय," मी म्हटलं.

"कावळ्याने खीर विकत घेतली होती का?"

"नाही."

"मग तो ग्राहक नाही. पक्ष्याचं प्रकरण पशुसंवर्धनाकडे."

पशुसंवर्धनाच्या त्या कार्यालयाचा पत्ता मी सांगत नाही, कारण तिथे माझं अजून काम पडू शकतं. टेबलामागे रंगराव नावाचे गृहस्थ होते. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. मी खोकं स्टुलावर ठेवलं आणि अर्ज पुढे केला.

"किती पक्षी?" त्यांनी विचारलं.

"एक."

"एकावर नाय घेता येत. एका जागी पाचपन्नास मेले तर ती मरतूक. एक मेला तर तो मेला. आणखी चार कावळे मेले की या."

"माझ्याकडे तेवढ्या तिथ्या नाहीत," मी म्हटलं.

रंगरावांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुमचं म्हणणं काय हाय नेमकं? बर्ड फ्लू?"

"माझं म्हणणं खीर."

"खीर आमच्यात येत नाय. खिरीत दूध असंल तर दुग्धविकासाला विचारा."

दुग्धविकासवाल्यांनी सांगितलं की दूध त्यांचं असतं ते तांदूळ पडेपर्यंत. तांदूळ-साखर पडून शिजलं की ते अन्न, आणि अन्नाचं खातं वेगळं. म्हणजे मी जिथून निघालो होतो तिथेच मला पाठवण्यात आलं, बर्फ वितळत असलेल्या कावळ्यासकट. परतताना मस्तानीवाल्याकडून पुन्हा बर्फ घेतला. "पाहुण्यांना फारच गरम होतंय," तो म्हणाला.

आता टेलिफोन खात्यात मी एक गोष्ट शिकलो आहे. तक्रारीला कोणी भीत नाही. तक्रारीच्या खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून जी नावं असतात, त्यांना भितात. मी रात्री बसून दुसरा अर्ज लिहिला. 'सदर कावळा संशयास्पदरीत्या मृत झाला असून, एकच पक्षी असल्याच्या कारणावरून नोंद घेण्यास नकार देण्यात आला आहे. उद्या शहरात बर्ड फ्लूची साथ उद्भवल्यास पहिला कावळा कोणी परत पाठवला, याची नोंद माझ्याकडे तारीख व वेळेसह आहे.' खाली जिल्हाधिकारी, आयुक्त, आरोग्याधिकारी अशा अकरा जणांना प्रती. मूळ अर्ज तीन प्रतींत.

माझ्या लेखनाला आयुष्यात एवढा तत्काळ प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. सकाळी साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या थांबल्या आणि नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली सहा माणसं उतरली. फक्त डोळे दिसत होते. त्यांच्या प्रमुख म्हणजे डॉक्टर उत्कर्षा, पशुधन विकास अधिकारी, वयाने आमच्या लेकीएवढ्या, स्पृहाएवढ्या, मूळच्या वर्ध्याकडच्या.

"पक्षी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी पूजेतून सोवळ्यातच उठून खोकं दिलं. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. "हा बर्फ गुलाबी काहून आहे?"

"रोझ सिरप असेल. मस्तानीवाल्याचा आहे."

डॉक्टरांनी मुखवट्याआड काय केलं ते दिसलं नाही, पण खांदे हलले. मग त्या गंभीर झाल्या. हाताळणारा मीच असल्याने दहा दिवस रोज ताप बघायचा, खोकला आला तर कळवायचं. गच्चीवर औषध फवारून ती अहवाल येईपर्यंत बंद. पक्षी इथे उघडायचा नाही, अख्खाच्या अख्खा प्रयोगशाळेत जाणार. आणि आसपासच्या सगळ्या कोंबड्या, अंडी, पाळीव पक्ष्यांची यादी करायची.

"एवढं सगळं? एका कावळ्यापायी?" आमचे चेअरमन दत्तप्रसाद भावे जिन्यातून वर येत म्हणाले.

"साहेब, उद्या हा पॉझिटिव्ह निघाला तर एक किलोमीटर बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटर निगराणी," डॉक्टर म्हणाल्या. "नुसती बातमी गेली तरी बाहेरच्या देशातले लोक आपली अंडी घ्यायचं थांबवतात. निर्यात बंद पडते. तुम्ही एक कावळा म्हणून राहिले, मला अख्खा जिल्हा बघावा लागते."

"पण खिरीत अंडी नसतात हो!" समोरून मंदाकिनीबाई ओरडल्या. आणि लगेच आत गेल्या, कारण त्यांच्या घरात एक पोपट आहे, जो कायद्याने घरात ठेवता येत नाही. यादी करणारा माणूस त्यांच्या दारात गेला तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्याकडे पक्षी नाही. त्याच वेळी आतल्या कपाटातून आवाज आला, "कोण आहे? चपला बाहेर काढा." माझ्यासारख्या माणसाला त्या आठवड्यात मिळालेलं ते एकमेव सुख.

मी नकाशा काढून पाहिला. दहा किलोमीटर म्हणजे एका अंगाला कोथरूड मागे टाकून पुढे आणि दुसऱ्या अंगाला विश्रांतवाडी. माझ्या आईच्या श्राद्धात अर्धं पुणं सामील होणार होतं. आईला हे आवडलं असतं. म्हणाली असती, बरं आहे.

गच्चीवर फवारणी चालू असताना भावे मात्र जागचे हलत नव्हते. गच्ची सोसायटीची असली तरी तिच्यावर राज्य त्यांचं आहे. बेचाळीस कुंड्या आहेत आणि त्यांना दोन वेळा आपोआप पाणी घालणारा पंप आहे. "जरा जपून," ते फवारणीवाल्याला सारखं सांगत होते. "कठड्यावरच्या त्या वायरीवर पाणी उडवू नका. तात्पुरती आहे, सांध्याला नुसती चिकटपट्टी आहे." ही तात्पुरती वायर तीन वर्षं तिथे आहे, पण तेव्हा माझं सगळं लक्ष खिरीत होतं.

फवारणी संपली, गच्चीच्या दाराला लालपांढरी पट्टी लागली आणि माझ्या मानहानीचा दुसरा अंक सुरू झाला. चौकातल्या भुर्जीवाल्याने गाडी लावणं बंद केलं. मेसमधून अंडी गायब झाली. तळमजल्यावर खोली घेऊन राहणारे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी जिन्यात भेटले की म्हणायचे, "काका, प्रोटीनचं काय?" कोथरूडहून स्पृहाचा फोन आला.

"बाबा, तू सीरियसली हे केलंस? माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर तुझा फोटो फिरतोय. सहा पांढरे सूटवाले आणि मधे तू, सोवळं नेसून, खोकं हातात धरून. लोक विचारतायत हा कुठल्या सिनेमातला सीन आहे. सोडून दे ना, प्लीज."

"तुझ्या आईच्या खिरीवर ठपका आहे," मी म्हटलं.

"आईला तरी विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. उल्का त्या दिवसांत फारसं बोलतच नव्हती. रिकामी पातेली पुन्हा पुन्हा घासत होती. तिच्याकडे पाहिलं की माझा निर्धार वाढायचा आणि विचारायचं राहून जायचं.

रविवारी भाव्यांनी सोसायटीची तातडीची सभा बोलावली. विषय एकच होता, मी. सर्वपित्री अमावास्या तीन दिवसांवर आली होती आणि गच्ची बंद असल्याने सगळ्या इमारतीचे पितर अडचणीत आले होते.

"मोघे," भावे म्हणाले, "या इमारतीत आजवर सात माणसं गेली. एकाच्याही वेळी एवढा गाजावाजा झाला नाही."

"त्यांच्यापैकी कोणी जाताना खिरीकडे बोट दाखवलं नव्हतं," मी म्हटलं.

"खीर चांगली असती तर कावळा मेला असता का, एवढं सरळ उत्तर द्या."

"सरळ उत्तर सरकारकडून येतंय. वाट पाहा."

मला समज देण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. मी विरोधी मत नोंदवलं आणि ते इतिवृत्तात घेतल्याची सही जागेवर घेतली. भाव्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, की उल्काच्या नोंदणीबद्दल अन्न खात्याला कळवण्यात येईल. सभेत मागे बसलेली उल्का उठली आणि घरी गेली. तेव्हा मात्र मला वाटलं, हे आता माझं भांडण राहिलेलं नाही, आणि हरलो तर हिला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

सोमवारी अहवाल आला. रंगरावांनी कागद माझ्यापुढे सरकवला. एकच ओळ होती. 'बर्ड फ्लू: निगेटिव्ह.'

"घ्या. खूश व्हा," ते म्हणाले. "आता गच्ची उघडंल दोन दिवसांत."

"मरण्याचं कारण?"

"बर्ड फ्लू नाय, हे कारण."

"हे कारण नव्हे. हे 'काय नाही' ते झालं. मला 'काय आहे' ते हवंय. प्रयोगशाळेने पक्षी उघडला असेलच ना? मग आत काय दिसलं ते लिहिलं असणार."

"ते आतलं टिपण असतं. खात्याचं. बाहेर देत नाय."

मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज खिशातून काढला. तयारच ठेवला होता, तीन प्रतींत. रंगराव म्हणाले की उत्तर द्यायला तीस दिवस असतात. मी म्हटलं, अमावास्येला दोनच दिवस आहेत, तोवर मी इथे बसतो. आणि समोरच्या बाकावर बसलो.

सोमवारी बसलो. मंगळवारी दहाच्या ठोक्याला पुन्हा बसलो. येणारा जाणारा मला तिथला कर्मचारी समजून शेळीच्या लसीबद्दल विचारायचा. मी माहिती द्यायचो. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणत्याही खात्याचं काम तीन तासांत समजतं. मंगळवारी दुपारी मी डबा उघडला. रंगराव डोकावले.

"काय हाय?"

"उडदाचे वडे. उरलेल्या तीन ऑर्डरींपैकी एक आज होती."

"त्याच वैनी? कावळावाल्या?"

"त्याच."

रंगराव थोडा वेळ वड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "द्या एक. माझ्या बापाला घाबरलो नाय मी कधी." त्यांनी एक खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मी वहीत वेळ टिपून ठेवली, एक वाजून वीस मिनिटं. पावणेतीनला ते जिवंत होते आणि तिसरा मागत होते. तो संपवून हात पुसत ते उठले. "मोघेसाहेब, वडा असला करणारी बाई खीर वाईट करायची नाय. मॅडमना सांगतो मी. कागद आतला हाय, पण मॅडम माणूस हाय."

सर्वपित्रीच्या सकाळी अकरा वाजता डॉक्टर उत्कर्षा आल्या. या वेळी साध्या सलवार-कमीजमध्ये, हातात फाईल. जिन्यात सगळी इमारत हातात पानं घेऊन उभी होती. भावे सगळ्यात पुढे, कुंड्यांची काळजी डोळ्यांत घेऊन. समोरच्या गच्चीत मंदाकिनीबाईंनी कपडे वाळत घालायला घेतले, धुतलेले नसतानाही. डॉक्टरांनी पट्टी कापली. आम्ही सगळे गच्चीत आलो. उल्का शेवटी, पदराने झाकलेलं पान घेऊन.

"मोघेकाका, तुमचा अर्ज मी वाचला," डॉक्टर म्हणाल्या. "तीनही प्रती. आतल्या टिपणाची प्रत देता येत नाही अजून, पण वाचून दाखवू नका असं मला कोणी सांगितलं नाही." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. "उजव्या पायाच्या पंजावर आणि डाव्या पंखाच्या टोकाला भाजल्याच्या खुणा. मृत्यूचं संभाव्य कारण, विजेचा धक्का."

सगळ्यांच्या माना एकेक करून कठड्याकडे वळल्या. तिथे भाव्यांची तात्पुरती वायर होती, आणि लोखंडी कठड्याला टेकलेला तिचा सांधा होता. तीन वर्षांच्या उन्हापावसाने चिकटपट्टीचं एक टोक सुटून लोंबत होतं. डॉक्टर दोन पावलं मागे सरकल्या. विद्यार्थ्यांपैकी एक, जो रोज त्याच कठड्याला टेकून फोनवर बोलायचा, पांढराफटक पडला.

"म्हणजे," मंदाकिनीबाई समोरून म्हणाल्या, "भाव्यांनी मारलं हो दुर्गाबाईंना!"

भावे वळले आणि खाली जायला निघाले. मी त्यांना अडवलं. हा क्षण मी दहा दिवस मनात घोळवला होता. "थांबा, चेअरमन. मेन स्विच बंद करा, ती वायर आत्ता काढा, आणि माझ्या बायकोच्या खिरीबद्दल जे म्हणालात ते मागे घेतल्याचं इतिवृत्तात लिहा. तीन प्रतींत." ते खाली गेले आणि पंपाचा आवाज बंद झाला. माझी छाती फुगून आली. मी विजयी मुद्रेने उल्काकडे पाहिलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे बघत होती.

"पुढे काही लिहिलंय का?" तिने विचारलं.

"हो, आहे न," डॉक्टर म्हणाल्या. "अन्ननलिका आणि जठर शिजवलेला तांदूळ व दूध यांनी पूर्ण भरलेलं. अन्न ताजं. विषबाधेचं लक्षण नाही. इतर कोणताही अन्नपदार्थ आढळला नाही."

"पूर्ण भरलेलं म्हणजे?"

"म्हणजे काकू, जागाच नव्हती बाकी. वरपर्यंत खाल्लं होतं. खीरच खीर."

उल्का टाकीच्या पायरीवर बसली. पान मांडीवर तसंच होतं. भाव्यांची पाटी तिच्या डोक्यामागे होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला ती वाचावीशी वाटली नाही.

"एवढी आवडत होती," ती हळूच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढी आवडत होती तर एकदा तोंडाने म्हणायला काय झालं होतं हो त्यांना?"

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं दिली, पण ही आमच्या घरची होती आणि एकतीस वर्षं प्रलंबित होती. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. खरं सांगायचं तर मीही ती खीर लग्नापासून मुकाट्याने खात आलो होतो, आणि 'छान झाली' असं म्हटल्याचं मला आठवेना. तेवढ्यापुरती माझी विजयी मुद्रा उतरली. "उत्तम होते तुझी खीर," मी म्हटलं. "मीही कधी बोललो नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसून उठली.

एव्हाना भाव्यांनी वर येऊन वायर उतरवली होती. तिने पान उचललं आणि कठड्यावर, वायर होती त्या जागेपासून चांगलं लांब, ठेवलं. सगळे रीतीप्रमाणे टाकीकडे तोंड करून उभे राहिले, डॉक्टरही. उल्का मात्र कठड्याकडेच तोंड करून उभी राहिली. कावळा आला. कुठून आला कोण जाणे, फवारणीच्या वासाने इतके दिवस एकही फिरकला नव्हता. वड्याकडे त्याने पाहिलंही नाही. वाटीत चोच घातली, मान वर करून गिळलं.

"बरी आहे?" उल्काने विचारलं.

कावळ्याने पुन्हा चोच घातली, आणि वाटी रिकामी होईपर्यंत मान वर काढली नाही.